बारावी सायन्सनंतर अप्रेंटिसशिप की इंजिनिअरिंग कॉलेज? आधी करार बघा, मग ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला दिसेल. भाऊ बारावी सायन्स झालाय, ५८ टक्के, सीईटीला ४१ पर्सेंटाइल. एका खासगी कॉलेजातून रोज फोन येतोय की मेकॅनिकलची सीट आहे, वर्षाला ९५ हजार, सीट धरून ठेवायची तर आत्ता १० हजार भरा. दुसरीकडे चाकणला नोकरीला असलेले मामा म्हणतात, ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर त्याला ‘अप्रेंटिसला लावून देतो’. महिना १३ हजार, बारा तासांची ड्यूटी, बस आणि जेवण कंपनीचं. वडील कर्ज काढायला तयार आहेत, पोरगा इंजिनिअर झालाच पाहिजे म्हणतात. भाऊ स्वतः गप्प आहे, पण गावातल्या पाण्याच्या मोटारी आणि मित्रांच्या गाड्या उघडून बसण्यात त्याचा दिवस जातो. आणि तुम्ही विचारताय की अप्रेंटिसशिप हा कॉलेजला खरा पर्याय आहे, की ज्याला कुठे प्रवेश मिळत नाही त्याचा नाइलाज.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूमला, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि डाय बनतात तिथे, काम करत आलोय आणि आता अप्रेंटिस पोरांची निवड आणि ट्रेनिंग माझ्याकडे असतं. त्यामुळे माझं पारडं शॉप फ्लोअरकडे झुकणारच, ते गृहीत धरून वाचा.

पर्याय आहे. चांगला पर्याय आहे. पण तुमच्यासमोर आत्ता जे दोन रस्ते ठेवलेत, त्यांतला एकही मी माझ्या भाच्याला सांगणार नाही. कॉलेजचं नंतर बोलू, आधी मामांचं.

चाकणमध्ये बारा महिने ‘अप्रेंटिस पाहिजेत’चे बोर्ड लागलेले असतात आणि त्या बोर्डाखाली कुणालाही भरतात. खरी अप्रेंटिसशिप १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली होते. कंपनी आणि मुलगा यांच्यात करार होतो, तो सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जातो आणि त्याला नंबर पडतो. करारात ट्रेड लिहिलेला असतो, कालावधी लिहिलेला असतो, स्टायपेंड म्हणजे विद्यावेतन लिहिलेलं असतं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. म्हणजे चांगल्या कंपन्यांना पोरं हवीच असतात. त्यासाठी कुणाच्या ओळखीची किंवा मधल्या माणसाच्या हातावर काही ठेवण्याची गरज नाही.

आता मामांनी सांगितलेल्या गोष्टी यावर लावून बघा. बारा तास हा पहिला खटका. कायद्यानुसार अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायचा तर अप्रेंटिसशिप सल्लागाराची, म्हणजे त्या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती रोजच्या प्रॉडक्शनसाठी मिळत नसते. दुसरा खटका १३ हजारांचा. आकडा मोठा आहे म्हणून शंका नको. किमान स्टायपेंडपेक्षा जास्त देणाऱ्या कंपन्या आहेतच. पण पैसे देणार कोण, हे विचारा. करार कंपनीशी आणि पगार कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने, असं असेल तर थांबा. तिसरं, पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो का? कायद्याखालच्या अप्रेंटिसला कामगार धरत नाहीत, त्याचा पीएफ कापला जात नाही. पीएफ कापत असतील तर तो कंत्राटी कामगार आहे. त्यात बेकायदा काही नाही, फक्त त्याला ट्रेनिंग म्हणू नये. आणि पीएफही नाही आणि कराराचा नंबरही नाही, तर मग तो कुठेच नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनवर बोट गेलं तर त्या कंपनीत हा मुलगा कामाला होता याचा कागदसुद्धा सापडत नाही. करार असेल तर ट्रेनिंगमध्ये झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. मी पालकांना स्टायपेंडच्या आधी हे सांगतो, कारण पॉवर प्रेसवर पहिल्याच आठवड्यात पोराला उभं करणारे कारखाने मी पाहिलेत.

स्टायपेंडचा हिशोबही एकदा समजून घ्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे महिन्याला किमान, दहावी पास मुलाला ६,०००, बारावी किंवा आयटीआय पासला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० अशी पट्टी ठरली. ट्रेनिंग एका वर्षाच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने ही पट्टी ६,८०० ते १२,३०० पर्यंत नेण्याची शिफारस केली, तेव्हा सही करायच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर बघून घ्या. कंपनी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत असेल तर स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या आधारला जोडलेल्या खात्यात टाकतं. खात्यात दोन वेगवेगळ्या जमा दिसल्या की कागद खरा आहे समजा.

जाता जाता: २०२४ पासून राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला १०. लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात ती. ती या कायद्याखालची अप्रेंटिसशिप नव्हे, तिच्या शेवटी ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. दोन्हींची गल्लत करणारे फोन मला अजून येतात.

समजा कागदपत्र सगळं चोख आहे. तरीही एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते सगळं त्यावर अवलंबून आहे: वर्षभरात पोराला किती ठिकाणी फिरवणार?

असेंब्ली लाइनवर एका स्टेशनला उभं राहून दर दीड मिनिटाला तेच चार बोल्ट टॉर्क गनने आवळायचे, हे काम शिकायला दोन दिवस लागतात. उरलेले तीनशे दिवस तो फक्त हात वापरतो. करार नोंदलेला, स्टायपेंड वेळेवर, कॅन्टीन उत्तम, आणि वर्ष संपल्यावर मी त्याच्यापुढे साधं ड्रॉइंग ठेवलं तर त्याला वाचता येत नाही. असे मुलगे माझ्याकडे इंटरव्ह्यूला येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात, फक्त त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मी इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट शेवटी बघतो. आधी टेबलावर एक मशिनिंग केलेला जॉब आणि मायक्रोमीटर ठेवतो, माप घे म्हणतो. तो टोकाचा रॅचेट हलकेच फिरवतो की थिंबलच (मधला दांडा) जोरात पिळतो, एवढ्यात निम्मं कळतं. मग विचारतो, एम-८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर बोल्टचे, आटे पाडायचेत, ड्रिल कितीचं घेशील? ज्याने हाताने केलंय तो ६.८ सांगतो. त्याने कधीतरी ६.५ चं ड्रिल मारून टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत मोडलेला असतो, आणि तो मोडलेला टॅप ठिणग्यांनी जाळून काढायला स्पार्क इरोजनला पाठवताना सुपरवायझरचं तोंड कसं झालं होतं हेही तो न विचारता सांगतो. ज्याने पुस्तकात वाचलंय तो आठ म्हणतो. मग ड्रॉइंगवर १० एच-७ लिहिलेलं बोट ठेवून दाखवतो: हे भोक किती मोठं चालेल, किती लहान? १० मिलिमीटरच्या वर शून्य ते पंधरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली अजिबात नाही. बी.ई. झालेल्या कित्येकांना हे येत नाही आणि आयटीआय करून चांगल्या टूलरूमला वर्ष काढलेल्या पोराला झोपेत येतं. मला कामाला दुसरा हवा असतो.

हे वर्षभरात येतं का? नुसत्या वर्षभरात येत नाही. म्हणूनच बारावीवरून थेट कंपनीत जाण्यापेक्षा क्रम बदला असं मी म्हणतो.

जर्मनीत याच कामाचं शिक्षण साधारण साडेतीन वर्षं चालतं. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकी कारखाना, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. आपल्याकडे तेवढाच माल दोन तुकड्यांत दिलाय: आयटीआयची दोन वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस. दोन्ही मिळून माणूस तयार होतो. पहिला तुकडा गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारली की आधी बेंचवर जे व्हायला हवं ते कधीच होत नाही.

बेंचवर काय होतं ते सांगतो. फिटर ट्रेडला पहिले काही आठवडे पोरगं व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा पकडून कानस मारत असतं. काम एवढंच की एक बाजू सपाट आणि शेजारची तिला काटकोनात. नवख्याची कानस पुढे जाताना खाली झुकते आणि मागे येताना वर उचलते, त्यामुळे दोन्ही कडा जास्त कापल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. त्याला वाटतं झालं सपाट. इन्स्ट्रक्टर ट्राय स्क्वेअर लावून तुकडा खिडकीसमोर धरतो आणि कडेच्या फटीतून उजेड दिसतो. परत कानस. परत उजेड. हाताला फोड येतात, काही मुलं दुसऱ्या आठवड्यात वडिलांना फोन करून कॉम्प्युटरला घाला म्हणतात. ज्याचा उजेड बंद झाला तो पुढे सीएनसी असो, व्हीएमसी असो, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कुठल्याही मशिनवर उभा करा. सपाट म्हणजे काय, काटकोन म्हणजे काय आणि दोन शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हे त्याच्या हाताला माहीत असतं. मशिन प्रोग्रॅमवर चालतं, पण जॉब मापात येत नाही तेव्हा ऑफसेट द्यायचा (मशिनच्या मापात दुरुस्ती करायची) की इन्सर्ट (कापणारं टोक) बदलायचा की जॉब पकडण्यातच चूक आहे, हे ठरवायला तोच लागतो.

आता तुमच्या भावाचं. त्याच्याकडे बारावी सायन्सचा कागद आहे आणि त्याची किंमत तुमच्या घरात कुणी लक्षात घेतलेली दिसत नाही. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा दोन वर्षांत. प्रवेश गुणवत्तेवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रक्रियेतून. सीईटीचे ४१ पर्सेंटाइल तिथे कुणी विचारत नाही. डिप्लोमा झाला की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप ट्रेनिंग योजनेत टेक्निशियन अप्रेंटिस म्हणून वर्षभर कंपनीत, आणि नंतर हवं असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वडिलांचं इंजिनिअरचं स्वप्न इथे मरत नाही, फक्त दोन-तीन वर्षं पुढे जातं, आणि तेव्हा पोराला आपण काय शिकतोय हे कळत असतं.

दुसरा रस्ता सरकारी आयटीआयचा. ट्रेड बघून घ्या: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. फी नाममात्र. जिथे कंपनीशी जोडून दुहेरी पद्धतीने चालणारी तुकडी असेल तिथे आयटीआयच्या काळातच काही महिने कारखान्यात काढायला मिळतात. प्राचार्यांना भेटून विचारा, माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. बारावी झालेल्या मुलाला दहावीच्या मुलांबरोबर बसायला जड जातं, हे खरं. पण ते पहिल्या महिन्यापुरतं.

दोन्हींत कुठला? इथे मला तुमच्या परिस्थितीवर सोडावं लागतं. मी दोन्ही फॉर्म भरायला सांगेन. घराजवळच्या किंवा वसतिगृह असलेल्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल मिळालं तर डिप्लोमा. फक्त महागडं खासगी पॉलिटेक्निक मिळत असेल, जिथल्या वर्कशॉपमधल्या लेथवर धूळ बसलीय, तर सरकारी आयटीआय, मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय. आणि आयटीआयला गेला तरी बारावीचा कागद शिळा होत नाही. ट्रेड पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार त्याला उघडंच असतं. मी बघितलेल्यांत सगळ्यात तयार पोरं या रस्त्याने आलेली आहेत: आधी हात, मग डिप्लोमा, मग कुणीकुणी नोकरी सांभाळून पदवी. वेळ लागतो. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा काय शिकलाय’ याचं उत्तर काही वर्षं लांबतं, हे तुमच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, कारण आमच्याकडची निम्मी पोरं कामाला वैतागून सोडत नाहीत, घरच्या टोमण्यांना वैतागून सोडतात.

छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचाही विचार करा. टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, दहावीच्या पात्रतेवर प्रवेश परीक्षा देऊन. तिथे खऱ्या गिऱ्हाइकांच्या कामावर पोरं शिकतात. फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आहे, पण तिथून आलेल्या पोराला मी मायक्रोमीटरची परीक्षा घेत नाही.

कॉलेजबद्दल आता. इंजिनिअरिंगची पदवी वाईट असं मी म्हणणार नाही. डिझाइनला जायचं असेल, संशोधनात, गेट देऊन सरकारी कंपन्यांत अधिकारी व्हायचं असेल, राज्यसेवेसारख्या पदवी मागणाऱ्या परीक्षा द्यायच्या असतील, तर पदवीशिवाय दार उघडत नाही आणि कुठलीही अप्रेंटिसशिप त्याची जागा घेत नाही. गणितात रस असलेला मुलगा आणि बरं कॉलेज असेल तर मी डोळे झाकून पाठवा म्हणेन. तुमच्या भावाबाबत मला दोन गोष्टी खटकतात. एक, पहिल्या वर्षाचे एम-१ आणि एम-२ हे गणिताचे पेपर. बारावीचं गणित कच्चं ठेवून गेलेली मुलं तिथेच अडकतात, केटी लागतात (नापास विषय पुढे ओढावे लागतात), मग इयर डाऊन म्हणजे वर्ष वाया, आणि कर्जाचं व्याज काही डाऊन होत नाही. दोन, ती सीट कॅप राउंडमधली, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतली, आहे की मॅनेजमेंट कोट्यातली, हे फोनवरच्या माणसाने तुम्हाला सांगितलंय का? राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची निम्मी फी माफी केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ९५ हजार पूर्ण तुमच्याच खिशातून. आणि ते १० हजार आत्ता भरू नका. ज्या कॉलेजला सीट विकायला रोज फोन करावा लागतो, त्याच्या मेकॅनिकलच्या जागा शेवटच्या फेरीनंतरही शिल्लक असतात.

आयटीआय किंवा डिप्लोमा झाल्यावर अप्रेंटिसशिप कुठे करायची, यावर पोरं फार कमी विचार करतात. गावाजवळ मिळाली म्हणून कुठेही चिकटतात. इथे एक धोका आहे. रेल्वेसारख्या ठिकाणी अटीतच लिहिलेलं असतं की आधी या कायद्याखाली अप्रेंटिसशिप केलेली असेल तर पुन्हा घेणार नाही. म्हणजे ही संधी एकदाच खर्च करायची वस्तू आहे. बारावीनंतर घाईने एखाद्या लाइनवर ‘ऑप्शनल ट्रेड’मध्ये, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या ट्रेडमध्ये, वर्ष काढलं आणि नंतर आयटीआय करून रेल्वेच्या परळ किंवा माटुंगा वर्कशॉपचा फॉर्म भरायला बसलं की ही अट समोर येते. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे ज्याला सरकारी नोकरी हवी त्याने हे जपून ठेवावं. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वयाची मर्यादा साधारण १५ ते २४.

बाकी सरकारी ठिकाणंही आहेत. माझगाव डॉक आठवी आणि दहावी पास मुलांनाही परीक्षा घेऊन आपल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये घेतं, आयटीआयवाल्यांनाही. ओझरचा एचएएल, खडकी-देहूरोड-अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा, इलेक्ट्रिशियन असेल तर महावितरण. एसटीच्या कार्यशाळेला लोक नाक मुरडतात. पण तिथे पोरगं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, पेंट सगळं बघतं, आणि मी वर म्हटलं ते फिरवणं तिथे आपोआप होतं. खासगीत पिंपरीमध्ये ‘टेल्कोचा (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा) अप्रेंटिस’ एवढं सांगितलं की आजही जुने सुपरवायझर खुर्ची पुढे करतात. ती प्रतिष्ठा तिथल्या वर्कशॉपने आणि इन्स्ट्रक्टरांनी कमावलेली आहे. छोट्या टूलरूमलाही कमी लेखू नका. भोसरीत वीस-पंचवीस माणसांच्या शेडमध्ये डाय बनवणारा मालक स्वतः ग्राइंडिंगला बसतो, आणि त्याच्याकडे एका वर्षात जे बघायला मिळतं ते मोठ्या कंपनीत एका खात्यात अडकून मिळत नाही. मात्र तिथे करार नोंदवायला मालक कंटाळा करतो. मागे लागून नोंदवून घ्यायचा.

नोकरीची हमी मात्र कुठेच नाही. कायद्यानुसार ट्रेनिंग संपल्यावर कामाला घ्यायची सक्ती कंपनीवर नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच. बहुतेक ठिकाणी वर्ष संपलं की पुढची बॅच येते. म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्ट द्यायची आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र घेऊनच बाहेर पडायचं. टेस्टला न बसता दहाव्या महिन्यात दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतात म्हणून निघून गेलेली पोरं नंतर तो कागद शोधत फिरतात. आणि रोज काय काम केलं ते डायरीत लिहायला लावा: जॉब, ड्रॉइंग नंबर, कुठलं मशिन, काय बिघडलं. कंपनीची लॉगबुक असते, ती बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात एकदम भरतात. स्वतःची वही वेगळी. इंटरव्ह्यूत ती वही पुढे केली तर मी प्रमाणपत्र मागत नाही.

पैशांचं स्वच्छ सांगतो. चाकण किंवा भोसरीत कॉट बेसिसवर राहणं आणि दोन वेळची मेस यात किमान स्टायपेंड संपतो, घरी पाठवायला उरत नाही. पहिले तीन वर्षं घराला त्याच्याकडून काही अपेक्षा नको, आणि जमलं तर तुम्हीच महिन्याला थोडं पाठवा. कॉलेजच्या फीपेक्षा ते कितीतरी कमी पडेल. ज्या घरात आज रात्रीच्या जेवणासाठी पगार हवा आहे, तिथे माझा हा सगळा सल्ला कोलमडतो. तिथे १३ हजारांची कंत्राटी नोकरी धरणं चूक नाही, फक्त वर्षभराने त्यातून बाहेर काढायचं ठरवून धरावं. तुमच्याकडे वडील कर्ज काढायला तयार आहेत म्हणजे तेवढी ओढाताण नाही असं मी धरलंय.

भाऊ बोलत नाही म्हणालात. त्याला विचारत बसू नका, दाखवा. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये प्रवेशाच्या दिवसांत वर्कशॉप बघू देतात. पुण्यात आलात तर औंधचा आयटीआय बघा. फिटर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन, तिन्ही वर्कशॉपच्या दारात त्याला अर्धा अर्धा तास उभा करा. कुठे तो आत सरकून पोरांना काहीतरी विचारायला लागतो तेवढं बघा. कुठेच सरकला नाही, तर मोटारी उघडणं हा त्याचा वेळ घालवण्याचा उद्योग असेल आणि मग माझं वरचं बरंचसं म्हणणं मागे घेऊन पुन्हा बोलू.

तोपर्यंत कागद तयार ठेवा: जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. आणि इलेक्ट्रिशियनचा विचार असेल तर ट्रेड भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. आयटीआयची दोन वर्षं काढून रेल्वेच्या मेडिकलला ही गोष्ट पहिल्यांदा कळलेला मुलगा मी पाहिलाय. लाल-हिरव्यात घोटाळा निघाला तर मशिनिस्ट किंवा टर्नर घ्यावा, तिथे डोळ्यांना माप वाचता आलं की भागतं.